साधन, सवय आणि स्वाधीनता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या संस्थेची सभा बोलवावयाची असेल, तर सूचनापत्र हाताने लिहिले जाई. एखादा शिपाई किंवा उत्साही तरुण ते वहीसह घरोघरी नेई आणि वाचल्याची सही घेऊन परत येई. परगावच्या सभासदांस पोस्टकार्ड जाई. तातडीची वार्ता तारेने येई, आणि तारवाला दारात दिसला की घरातील माणसांच्या काळजात धस्स होई. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. थेट क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय भारतात १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांदरम्यान प्रथम सुरू झाली; परंतु चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहण्यास पुढे पंचवीस-तीस वर्षे जावी लागली.

त्यानंतरचा प्रवास मात्र विलक्षण वेगाचा आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस तत्कालीन केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. देशातील मोबाइलवरील ते पहिले संभाषण होय. २००७ साली अमेरिकेत आयफोन बाजारात आला आणि बोलण्याचे यंत्र हे पाहण्याचे, लिहिण्याचे, वाट शोधण्याचे आणि छायाचित्रे काढण्याचेही यंत्र झाले. १५ जुलै २०१३ रोजी भारतातील तारसेवा कायमची बंद झाली. २०१६ साली यूपीआयची सेवा सुरू झाली आणि पैशाचे पाकीटही त्याच यंत्रात जाऊन बसले. अवघ्या वीस-एकवीस वर्षांत टपालपेटी, तारघर, घड्याळ, पंचांग, नकाशा, कॅमेरा, हिशेबाची वही आणि तिजोरी एका तळहातावर आली.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु सोय आणि अधीनता यांच्यामधील रेषा माणसाने केव्हा ओलांडली, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ती वस्तू काही काळ हातातून गेली म्हणजेच ते कळते. आजच्या विषयासाठी म्हणूनच एका गृहस्थाचा दृष्टांत घेऊ. त्यांचे नाव महत्त्वाचे नाही, कारण थोड्याफार फरकाने ही कहाणी कोणत्याही घरात घडू शकेल.

पाच दिवस

हे गृहस्थ सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे अडते. वय सत्तावन्न. वडिलार्जित पेढी, सचोटीचा व्यवहार, समाजकार्यात पुढाकार. मुलगा पुण्यास नोकरीस. पत्नी नातवंडाच्या आगमनानिमित्त तिकडे गेलेली. घरी ते आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, असे दोघेच.

हळदीच्या सौद्यांचे दिवस होते. एका संध्याकाळी वळवाच्या पावसाने गाठले आणि खिशातील मोबाइल भिजून बंद पडला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि सांगितले, की सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल. पाच दिवस लागतील. दुकानातील वृद्ध दिवाणजींनी आपला एक जुना, साधा फोन पुढे केला. परंतु नव्या पिढीचे सिमकार्ड त्या जुन्या यंत्रास चालेना. दुसरा फोन विकत घेण्याचा विचार त्या दिवशी दहा वेळा मनात आला. पण पहिला दुरुस्त होणार असताना दुसरा कशास, हा व्यापाऱ्याचा हिशेब दहाही वेळा आडवा आला. पाच दिवसांचे काय एवढे, असे म्हणून ते घरी गेले.

पहिली सकाळ उशिरा उगवली, कारण उठवणारा गजर त्या फोनमध्येच होता. घाईने आवरून ते निघाले, तो वाटेत पेट्रोल संपत आले. पंपावर टाकी भरून घेतली आणि हात सवयीने खिशाकडे गेला. खिशात फोन नव्हता आणि नोटाही नव्हत्या. कित्येक महिन्यांत रोख रक्कम जवळ बाळगण्याचा प्रसंगच आला नव्हता. गाडी तेथेच उभी करून, वीस मिनिटे चालत ते बँकेत गेले. एटीएम कार्ड होते. त्याचा गुप्त क्रमांक स्मरणात नव्हता. अखेर धनादेशाने पैसे काढले आणि रोखपालाने दिलेल्या नोटा मोजताना त्यांच्या लक्षात आले, की बऱ्याच दिवसांनी आपण स्वतःचे पैसे हातांनी मोजत आहोत.

दुकानात आल्यावर पत्नीस निरोप द्यावा म्हणून दिवाणजींचा फोन घेतला. आणि क्रमांक दाबताना बोट हवेतच थांबले. तीस वर्षांच्या सहधर्मचारिणीचा क्रमांक त्यांना पाठ नव्हता. मुलाचाही नव्हता. स्मरणात होते ते तीनच क्रमांक : वडिलांच्या काळच्या पेढीचा, सासुरवाडीचा, आणि घरातील जुन्या दूरध्वनीचा. तिन्ही बंद होऊन वर्षे लोटली होती. दिवाणजींनी काही न बोलता गल्ल्याच्या खणातून एक मळकट डायरी काढली. तिच्यात मुलाचा क्रमांक त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेला होता.

त्याच दुपारी एका ट्रकमध्ये माल भरून झाला. ई-वे बिलासाठी संगणकावर प्रवेश घ्यावयाचा, तर ओटीपी मालकांच्या त्याच क्रमांकावर जाणारा. ट्रक रात्रभर यार्डात उभा राहिला आणि खोळंब्याचे पैसे पदरचे द्यावे लागले. हिशेबी माणसास ही रक्कम टोचली. पण त्याहून अधिक टोचले ते हे, की पन्नास वर्षांची पेढी एका भिजलेल्या यंत्रापाशी अडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी जे घडले त्याची भरपाई पैशाने होण्यासारखी नव्हती. जयसिंगपूरला त्यांचे एक बालमित्र राहत. शाळेत एका बाकावर बसलेले, एका वसतिगृहात वाढलेले. सकाळी त्यांचे देहावसान झाले आणि दुपारी अंत्यसंस्कार झाले. वार्ता समाजाच्या व्हॉट्सअॅप समूहावर सकाळीच आली होती. या गृहस्थांस ती सायंकाळी चारच्या सुमारास, बाजारात भेटलेल्या एका परिचिताच्या तोंडून कळली. अवघ्या दहा-बारा किलोमीटरवरचा मित्र गेला आणि त्याचे अंत्यदर्शन हुकले.

दुसऱ्या सकाळी ते मित्राच्या घरी गेले. मित्राच्या धाकट्या भावाने कोणताही दोष न देता एवढेच म्हटले, "अण्णा, ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही पाहिलंच असेल, असं वाटलं."

परतीच्या वाटेवर या वाक्याने त्यांची पाठ सोडली नाही. कारण दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या चुलत्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनीही नेमके हेच केले होते. चार ओळींचा संदेश समूहावर टाकला, शेवटी हात जोडलेले चित्र लावले आणि कर्तव्य पार पडले असे मानले. चुलत्यांची एक वृद्ध मानलेली बहीण गावातच राहत असे. तिच्याकडे असा फोन नव्हता. ती दहाव्या दिवशी रडत आली होती आणि "मला कुणी सांगितलं नाही रे" असे म्हणाली होती. त्या वेळी त्यांनी तिची समजूत घातली होती. तिच्या दुःखाचा अर्थ मात्र त्यांना आता कळला.

पूर्वी मृत्यूची वार्ता सांगण्यासाठी सायकलवरून माणूस पाठवला जाई. तो दारात उभा राही, सांगे, घोटभर पाणी पिऊन पुढच्या घरी जाई. त्या पद्धतीत विलंब होता. पण यादीतील एकही घर वगळले जात नसे, कारण यादी माणसाच्या मनात असे. समूहावरील संदेश शेकडो जणांस निमिषार्धात पोहोचतो आणि ज्याच्याकडे यंत्र नाही तो एक जण वगळला गेला, हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

चौथ्या दिवसाची संध्याकाळ

तिसऱ्या दिवसापासून हाताची चाळवाचाळव कमी झाली. पहिले दोन दिवस हात दर पाच-दहा मिनिटांनी रिकाम्या खिशाकडे जाई. मांडीला थरथर झाल्याचा भास होई. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. मातोश्री भिंतीवरील कॅलेंडर पाहून म्हणाल्या, "आज चतुर्दशी आहे, हिरवी भाजी आणू नकोस." तिथीचे स्मरण देणारे यंत्र बंद होते, परंतु घरात तिथी चुकली नव्हती. ती कित्येक वर्षे कोणाच्या भरवशावर पाळली जात होती, हे यानिमित्ताने उघड झाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भोजनोत्तर ते मातोश्रींच्या शेजारी ओसरीवर बसले. एरवी या वेळी हाती यंत्र असे आणि मातोश्री बाजूला माळ घेऊन बसत. त्या दिवशी हाती काहीच नव्हते. म्हणून त्यांनी बोलणे काढले. जुन्या घराविषयी काही विचारले. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. मातोश्री समोर पाहत शांत बसून होत्या. क्षणभर त्यांच्या मनात भीती चमकून गेली. ते उठून दुसऱ्या बाजूस जाऊन बसले आणि तोच प्रश्न विचारला. मातोश्रींनी लगेच मान वळवली आणि उत्तर दिले.

"आई, डाव्या कानानं ऐकू येत नाही का तुला?"

"अरे, वर्ष होऊन गेलं," मातोश्री सहज म्हणाल्या. "तुला दोनदा सांगितलं होतं. तू 'हं' म्हणालास. मला वाटलं, कामात आहेस."

एकाच छताखाली राहणाऱ्या आईचा एक कान वर्षभर मिटत गेला होता आणि ते तिने दोनदा सांगितलेही होते. हजारो मैलांवरील घडामोडी त्याच दिवशी जाणणाऱ्या मुलास हाताच्या अंतरावरचे ते शब्द ऐकू गेले नव्हते. मग नेमके बहिरे कोण, हा प्रश्न त्या गृहस्थांनी त्या रात्री स्वतःस विचारला असेल, तर त्यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मातोश्रींना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणी झाली आणि श्रवणयंत्र बसवावयाचे ठरले. अधिक वेळेवर आला असता तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. ते ऐकताना मातोश्री हसत होत्या, कारण डॉक्टर डाव्या बाजूने बोलत होते.

त्याच दिवशी फोन दुरुस्त होऊन आला. तो सुरू होताच शेकडो संदेश एकामागून एक येऊन कोसळले. रात्री बसून त्यांनी ते सारे पाहिले. सुप्रभात, शुभेच्छा, विनोद, चित्रे, कोणाची तरी कोणावर टीका, तीच बातमी सात ठिकाणी. खरोखर त्यांच्यासाठीच असलेले, ज्यांस उत्तर देणे अगत्याचे होते असे, मोजून अकरा निघाले. त्या ढिगातच मित्राच्या निधनाची वार्ता होती आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची लांबच लांब रांग होती.

आणि येथे या दृष्टांतातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. फोन आल्यावर तासाभरातच मातोश्री काही विचारत होत्या आणि चिरंजीव पडद्यावरून दृष्टी न काढता "हं" म्हणाले. म्हटल्यावर त्यांचे त्यांनाच ते ऐकू आले. त्यांनी फोन पालथा ठेवला, उठून उजव्या बाजूस जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, पुन्हा सांग."

काय हरवले होते ?

श्रोतेहो, या पाच दिवसांचा हिशेब मांडला, तर चार गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट स्मरणाची. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीखालील या खोल कोठारांत हळद दीर्घकाळ उत्तम टिकत असे. परंतु २००५ च्या महापुरात तेथील अनेक पेवांत पाणी शिरले आणि साठवलेली हळद गेली. सर्व माल एकाच पेवात ठेवू नये, हे शहाणपण व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. तथापि सर्व स्मरण एकाच यंत्रात ठेवताना तोच व्यापारी निर्धास्त असतो. वापराने स्मरणशक्ती वाढते, याचे एक उदाहरण २००० साली प्रसिद्ध झाले. लंडनमधील संशोधिका एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील टॅक्सीचालकांच्या मेंदूंची पाहणी केली. या चालकांना परवान्यासाठी शहरातील हजारो रस्ते मुखोद्गत करावे लागतात. वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित असा त्यांच्या मेंदूतील एक भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. स्मरण ही वापरल्याने वाढणारी संपत्ती आहे, असेच त्यावरून दिसते.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम या सेवा जगभर बंद पडल्या आणि सुमारे सहा तास बंद राहिल्या. कारण कोणतेही युद्ध किंवा भूकंप नव्हते. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याच्या मांडणीत बदल करताना झालेली ती चूक होती. १२ एप्रिल २०२५ रोजी देशात यूपीआयचे व्यवहार काही तास विस्कळीत झाले, तेव्हा दुकानांच्या गल्ल्यांपाशी कित्येकांची अवस्था या गृहस्थांसारखी झाली. यंत्रणा उत्तम असली तरी ती कधीतरी थांबणारच. थोडी रोकड जवळ बाळगणारा आणि महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून ठेवणारा मनुष्य जुनाट ठरत नाही. तो सावध ठरतो.

तिसरी गोष्ट नात्यांची. वार्ता पाठवणे आणि वार्ता पोहोचवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली यंत्र करते. दुसरी माणसालाच करावी लागते.

चौथी आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट अवधानाची. २०१७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांचे फोन आवाज बंद करून टेबलावर, काहींचे खिशात अथवा पिशवीत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले आणि सर्वांस बुद्धीचा कस लावणारी कामे दिली. ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते, त्यांची कामगिरी सरस ठरली. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी तोच निष्कर्ष आला नाही, हेही सांगावयास हवे. परंतु ओसरीवर बसलेल्या त्या मातेच्या घरी या सिद्धांतासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती.

दोष वस्तूचा नव्हे

येवढ्यावरून कोणी मोबाइलचा धिक्कार करू लागेल, तर ते न्याय्य होणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूर परिसर वेढला गेला, वीज गेली, त्या वेळी ज्याच्या फोनमध्ये थोडी शक्ती शिल्लक होती तो कित्येक कुटुंबांचा आधार ठरला. २०२० च्या टाळेबंदीत आजारी माणसांस आप्तांचे मुख दिसले ते या पडद्यावरच. ज्या मातोश्रींचा उल्लेख झाला, त्यादेखील पुण्याच्या नातवंडाचे मुख पाहण्यासाठी रोज रात्री त्याच फोनची वाट पाहत असत आणि त्या पाच दिवसांत त्यांना ते दिसले नाही, हीही त्या हिशेबातील नोंद आहे. फोन नसल्याने मुलगा आईजवळ बसला. त्याच कारणाने आजी नातवंडास दुरावली. दोन्ही गोष्टी सत्य आहेत. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजास हे समजणे कठीण जाऊ नये.

आचार्यांनी परिग्रहाचे मर्म वस्तूच्या संख्येत सांगितले नाही, तर वस्तूविषयीच्या मूर्च्छेत सांगितले. मूर्च्छा म्हणजे भान हरपणे. आई बोलत असता मुलगा "हं" म्हणतो, त्या क्षणी हरपते ते भानच.

म्हणूनच श्रावकाच्या बारा व्रतांत केवळ आजन्म त्यागाची भाषा नाही. ठराविक काळापुरत्या मर्यादेचीही आहे. देशावकाशिक व्रतात श्रावक काही काळासाठी आपल्या हालचालींचे क्षेत्र आखून घेतो. पूर्वी ही मर्यादा गावाची, वेशीची, घराची असे. आज माणूस घरात बसून सात समुद्रांपलीकडे भटकत असतो. त्या भटकंतीस वेस कोणती, हा नवा प्रश्न आहे. सामायिकाचा काळ एक मुहूर्ताचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. दिवसातून ४८ मिनिटे ज्यास फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाहीत, त्याने आपण फोनचे मालक आहोत, असे कशाच्या आधारे म्हणावे ?

दोन गावांचे उदाहरण

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी एक संकल्प केला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत गावातील घराघरांत दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहावेत, मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचन अथवा परस्परांशी संवाद करावा, असा तो निर्णय. टाळेबंदीत शिक्षण मोबाइलवर गेले. शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातातून मोबाइल सुटेना, हे त्यामागचे कारण होते. प्रारंभी अनेकांना ते अशक्य वाटले. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नियम केवळ मुलांसाठी केला नाही. वडिलांचा फोन हातात असताना मुलास 'अभ्यास कर' असे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही शब्दांत नसते.

त्याच वर्षी मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात बेगमगंज येथील जैन समाजाने पर्युषणकाळात २४ तासांसाठी मोबाइल आणि इंटरनेटचा त्याग केला. अन्नाच्या उपवासाची परंपरा असलेल्या समाजाने हा नवा उपवास स्वीकारला, यात आश्चर्य नाही. उपवासाने अन्न वाईट ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पारणे होतेच. परंतु उपवास करणाऱ्यास आपली भूक किती आणि आपली सवय किती, यांतील भेद कळतो. या उपवासाचेही फळ तेच आहे.

समाजाने काय करावे ?

पुनश्च त्या गृहस्थांकडे वळू. पाच दिवसांच्या त्या अनुभवानंतर त्यांनी फोनचा त्याग केला नाही, करणे शक्यही नव्हते. त्यांनी चार साध्या गोष्टी केल्या. एक जाड वही आणून तिच्यात पन्नास क्रमांक स्वहस्ते लिहिले आणि पत्नीचा व मुलाचा क्रमांक पाठ केला. दुकानाच्या कामासाठी लागणाऱ्या प्रवेशाची रीतसर दुसरी व्यवस्था लावली. रात्रीच्या भोजनापासून मातोश्री निजेपर्यंत फोन कपाटात ठेवण्याचा नियम घेतला. त्यास अपवाद एकच, नातवंडाच्या दर्शनाचा, आणि तोही मातोश्रींच्या हातात फोन देऊन. चौथी गोष्ट समाजाच्या उपयोगाची आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अशा गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांची त्यांनी यादी केली. ती यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली. कोणतीही सुखदुःखाची वार्ता समूहावर गेली, की त्या यादीतील घरी एक तरुण प्रत्यक्ष जाऊन सांगून येतो.

पन्नासाव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या कोणत्याही संस्थेने या चौथ्या गोष्टीचा विचार अवश्य करावा. आज सभेची सूचना, विधानाची तारीख, वैद्यकीय शिबिराची माहिती, शिष्यवृत्तीचे आवाहन, सारे काही समूहावर जाते. ज्या पिढीने पै-पै जमवून मंदिरे, वसतिगृहे आणि धर्मशाळा उभारल्या, त्याच पिढीतील वृद्धांस आपल्याच संस्थेचा कार्यक्रम होऊन गेल्यावर कळतो, ही स्थिती शोभादायक नाही. मंदिराच्या दारातील फळ्यावर दोन ओळी खडूने लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. एका तरुणाने दहा घरे वाटून घेतली, तर महिन्यातून दोन-तीन फेऱ्यांत काम होते. त्या फेरीत केवळ निरोप पोहोचत नाही; घरात कोण आजारी आहे, कोणास एकटे वाटते आहे, कोणाचा कान मिटत चालला आहे, हेही परत येते. यंत्र निरोप नेते, पण असा प्रतिनिरोप आणत नाही.

बंधू-भगिनींनो, यंदाच्या पर्युषणात प्रत्येक कुटुंबाने एक दिवस, ते न जमल्यास एक संध्याकाळ, आणि तेही न जमल्यास एक मुहूर्त हे यंत्र बाजूस ठेवून पाहावे. हात किती वेळा रिकाम्या खिशाकडे जातो, ते प्रत्येकाने मोजावे. तो आकडा इतर कोणास सांगण्याची गरज नाही. तो स्वतःस कळला तरी पुरे. आणि त्या वेळात घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या शेजारी बसून एखादा प्रश्न विचारावा. उत्तर आले नाही, तर उठून दुसऱ्या बाजूस जाऊन बसावे आणि पुन्हा विचारावे.

जय जिनेंद्र.